आकाशातून दिसणारे गाव

जबलपूर स्थानकावर उतरून एखाद्या परक्या प्रवाशाने चेरीतालला जायचे म्हणून सांगितले, तर वाहन त्याला दाट वस्तीच्या एका भागात नेऊन सोडते. तेथे घरे आहेत, दुकाने आहेत, वर्दळ आहे. नाही ते फक्त ताल, म्हणजे तळे. भंवरतालला गेले तर उद्यान लागते, हाथीतालला गेले तर वसाहत लागते आणि राणीतालला गेले तर क्रीडांगणाची भव्य वास्तू प्रथम नजरेत भरते. पाणी आटले, बुजले किंवा बुजविले गेले. नावे मात्र लोकांच्या जिभेवर राहिली. मुंबईकराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. धोबी तलाव या नावाच्या भागात तलाव शोधणारा मनुष्य मुंबईत वेडा ठरेल, आणि गवालिया टँक म्हटले की ऑगस्ट क्रांतीचे मैदान आठवते, पाणी आठवत नाही. शहरांची स्मृती अशी विलक्षण असते. ती वस्तू हरवते आणि नाव जपून ठेवते.

या हरवलेल्या वस्तूंचा शोध शाळेतल्या मुलांनी घ्यावा, आणि तो घेण्यासाठी त्यांना आकाशातून टिपलेली आपल्याच गावाची छायाचित्रे द्यावीत, हा विचार येथे मांडावयाचा आहे. 'शाश्वत विकास' हा शब्द आज पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आहे. ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली त्याची व्याख्या केली : आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागविण्याचे सामर्थ्य उणे होऊ नये. व्याख्या निर्दोष आहे. विद्यार्थी ती पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो आणि विसरतो. कारण 'पुढची पिढी' ही गोष्ट त्याला दिसत नाही. मागच्या पिढीने काय ठेवले आणि मधल्या पिढीने काय गमावले, हे मात्र त्याला दाखविता येते. आणि ते दाखविण्यास जबलपूरसारखे दुसरे गाव शोधून सापडणे कठीण.

गोंड राजांनी गढा-मंडल्याच्या या मुलखात पाण्याची जी व्यवस्था उभी केली, तिची कीर्ती आजही लोकांच्या तोंडी आहे. जबलपुरात बावन ताल-तलैया होत्या असे परंपरा सांगते. संग्रामशहाच्या नावाचे संग्रामसागर बाजनामठाजवळ आजही आहे. राणीताल राणी दुर्गावतीने खोदविला, तिच्या दासीने म्हणजे चेरीने चेरीताल बांधविला आणि तिचा मंत्री आधारसिंह याने आधारताल, अशी आख्यायिका आहे. राणीने १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना देह ठेवला. पराक्रमाची ती कथा प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण राणी, मंत्री आणि दासी या तिघांनाही तळे बांधणे हे आपले कर्तव्य वाटावे, ही त्या राज्याची दुसरी थोरवी तितकीशी सांगितली जात नाही.

याच परिसरातील आणखी एक लोककथा अनुपम मिश्र यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकाच्या आरंभी सांगितली आहे. चौघे शेतकरी भाऊ होते. त्यांच्यापैकी एकाच्या मुलीला शेतावर परीस सापडला. भावांनी तो इमानाने राजापुढे नेऊन ठेवला. राजाने तो स्वतः घेतला नाही, लोकांसाठी तलाव बांधा असे सांगून परत केला. आणि भावांच्या नावांची आठवण देणारे चार मोठे तलाव बुढागर, मझगवाँ, कुआँ आणि कुंडम या गावी झाले. कथा खरी की खोटी हा वाद व्यर्थ आहे. ज्या समाजाने सोन्याचा मोबदला पाण्यात मोजला, त्याचे मन या कथेत उमटले आहे.

मराठी माणसाला हा इतिहास परका नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. चंद्रपूरचा रामाळा तलाव गोंड राजवटीचीच आठवण देतो. आणि भंडारा-गोंदियाकडील शेकडो मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कसबी हातांनी गोंड राजांच्याच आश्रयाने उभे राहिले. तेव्हा जबलपूरच्या तळ्यांची गोष्ट विदर्भाच्याही घरची गोष्ट आहे.

मग एवढे मोठे धन कुणाच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले? सर्वांच्याच डोळ्यांदेखत, आणि म्हणूनच कुणालाही ते दिसले नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तळे कधीच संपूर्ण दिसत नाही. त्याला एक काठ दिसतो, काठावरचे झाड दिसते, पलीकडचे देऊळ दिसते. एका वर्षी एका कोपऱ्यात मातीचे चार ढीग पडतात, पुढल्या वर्षी त्यावर टपरी येते, त्यानंतर भिंत येते. प्रत्येक बदल इतका लहान असतो की त्याबद्दल कुणाशी भांडावेसे वाटत नाही. तीस वर्षांनी पाहावे तो तळ्याचा नाला झालेला असतो. हळूहळू होणारा ऱ्हास पाहण्यासाठी निसर्गाने माणसाला डोळे दिलेले नाहीत. त्यासाठी उंची लागते आणि दोन काळांतली तुलना लागते. हवाई छायाचित्र या दोन्ही गोष्टी एकदम देते.

या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समधील नादार या छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ फुग्यातून पहिले हवाई छायाचित्र घेतले. पुढे आर्थर बातू या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने १८८८ साली पतंगाला कॅमेरा बांधून आपल्या गावाचे चित्र टिपले. मग विमान आले, दोन महायुद्धे झाली आणि शत्रूचे खंदक शोधण्यासाठी वाढलेली ही कला शांततेच्या कामाला लागली. १९२४ साली ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळील जंगलांची पाहणी विमानातून छायाचित्रे घेऊन झाली. स्वतंत्र भारतात डेहराडून येथे १९६६ साली हवाई छायाचित्रांचे वाचन शिकविणारी संस्था स्थापन झाली. १९८४ च्या एप्रिलात राकेश शर्मा यांनी अंतराळस्थानकातून भारताच्या भूमीची छायाचित्रे घेतली, आणि १७ मार्च १९८८ रोजी भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. आज भारतीय उपग्रहांपैकी काहींची दृष्टी इतकी तीक्ष्ण आहे की पाच-सहाशे किलोमीटर उंचीवरून त्यांना जमिनीवरील मोटार वेगळी ओळखता येते.

या साऱ्या चित्रांत माणसाच्या मनावर सर्वांत खोल परिणाम कशाने केला असेल, तर १९६८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी अपोलो-८ यानातून घेतलेल्या एका छायाचित्राने. चंद्राच्या करड्या क्षितिजावर पृथ्वीचा निळा अर्धगोल वर येताना त्यात दिसला. पर्यावरणाच्या चळवळीला त्या चित्राने जेवढे बळ दिले, तेवढे क्वचितच एखाद्या ग्रंथाने दिले असेल. फ्रान्समध्ये यान आर्तूस-बेर्त्राँ यांनी टिपलेल्या हवाई चित्रांची भित्तिपत्रे शाळाशाळांतून लावली गेली आणि त्यांच्या आधारे शाश्वत विकासाचे पाठ दिले गेले. कल्पना उत्तम होती. तथापि दूर देशातील वाळवंट अथवा प्रवाळबेट पाहून मुलाच्या मनात आश्चर्य जागे होते. जबाबदारी जागी होण्यासाठी त्याला स्वतःच्या घराचे छप्पर त्या चित्रात दिसावे लागते.

म्हणून जबलपुरातील एखाद्या शाळेतील आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. शिक्षकांनी भिंतीवर गावाचे आकाशातून घेतलेले मोठे चित्र लावले आहे. त्यावर एकही नाव नाही, आणि हे मुद्दाम आहे. नकाशा आयते उत्तर देतो, छायाचित्र प्रश्न विचारते. ही सरळ काळी रेघ कसली? रेल्वेची. ही वेडीवाकडी गर्द रेघ? ओमती नाला. दक्षिणेला हा रुंद पट्टा? नर्मदा. ही खडबडीत, करडी-हिरवी टेकडी? मदनमहालाची. रंग, आकार, पोत, सावली आणि शेजार या पाच खुणांवरून मुले वस्तू ओळखू लागतात. शाळेचे मैदान सापडते तेव्हा वर्गात गलका होतो. आणि तो होऊ द्यावा, कारण त्याच क्षणी चित्र त्यांचे झालेले असते.

दुसरा पाठ मोजणीचा. हवाई छायाचित्राचे प्रमाण काढण्याची रीत सोपी आहे : कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर भागिले विमानाची जमिनीपासूनची उंची. सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर पुष्कळदा १५२ मिलिमीटर असते. विमान ३,०४० मीटर उंचीवर असेल तर प्रमाण वीस हजारांस एक येते. म्हणजे चित्रातला १ सेंटिमीटर जमिनीवरचे २०० मीटर दाखवितो, आणि १ चौरस सेंटिमीटर ४ हेक्टर. अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन आखलेला पारदर्शक कागद चित्रावर ठेवला की प्रत्येक चौकोन १ हेक्टरचा. तळ्यावर पडणारे चौकोन मुलांनी मोजावेत. दहा भरले तर तळे १० हेक्टरांचे. सरासरी खोली २ मीटर धरली तर त्यात २ लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी लिटर पाणी मावते. शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण मानले, तर १५ हजार वस्तीला तीन महिन्यांहून थोडे अधिक दिवस पुरेल एवढे ते पाणी झाले. बाष्पीभवन, गाळ आणि घाण यांची वजाबाकी अर्थातच करावी लागेल. पण ज्या मुलाने हे गणित एकदा स्वतः सोडविले, त्याला 'तळे बुजले' या दोन शब्दांचा अर्थ व्याख्यानावाचून कळतो.

तिसरा पाठ तुलनेचा. १९७२ पासून लँडसॅट उपग्रहांनी पृथ्वीची चित्रे सातत्याने घेतली आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना विनामूल्य मिळतात. मधल्या दशकांतील आणि आजचे अशी दोन चित्रे शेजारी ठेवली की शहराची वाढ शाईच्या डागासारखी पसरलेली दिसते. २०११ च्या जनगणनेत जबलपूर महापालिकेच्या हद्दीत साडेदहा लाखांहून अधिक लोक होते. त्यांना राहण्यास जागा हवीच होती. ती कोणत्या बाजूला मिळाली, शेत किती गेले, झाडी किती गेली आणि पाणी किती गेले, याचा ताळेबंद मुलांनी मांडावा. येथे शिक्षकांनी एक सावधगिरी शिकवावी. लँडसॅटच्या चित्राचा एक ठिपका ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. एक हेक्टराची तलैया त्यात अवघ्या अकरा ठिपक्यांत मावते. एखादी लहान विहीर दिसणारच नाही. जे दिसत नाही ते नाहीच, असे मानू नये, हा विज्ञानाचा पहिला संयम आहे आणि तोही याच चित्रातून शिकता येतो.

शहराबाहेर, पाटण आणि सिहोऱ्याच्या बाजूला, आकाशातून आणखी एक अद्भुत दृश्य दिसत असे आणि काही ठिकाणी अजूनही दिसते. या प्रदेशात हवेली नावाची शेतीपद्धती आहे. काळ्या, चिकण जमिनीच्या शेताला चारी बाजूंनी उंच मातीचे बांध घालायचे आणि पावसाचे पाणी शेतातच कोंडून ठेवायचे. सारा पावसाळा शेत म्हणजे तळेच. ऑक्टोबरच्या आरंभी पेरणीपूर्वी पाणी सोडून द्यायचे. जमिनीत मुरलेल्या ओलीवर गहू आणि हरभरा पुढे सिंचनावाचून येतो. कोंडलेल्या पाण्याने तण मरते आणि जमिनीखालचे झरेही भरतात. पावसाळा सरताना वरून पाहिले तर मैलोगणती आरशाचे तुकडे जमिनीवर मांडून ठेवल्यासारखे वाटतात.

परंतु या चित्रात शेतीहून मोठी एक गोष्ट दडली आहे. वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतातूनच वाहून जाणार. ते कुणी केव्हा सोडायचे, हे सर्वांनी मिळून ठरविल्याशिवाय ही पद्धती एक वर्षही चालणार नाही. म्हणजे आरशांच्या त्या जाळ्यातील प्रत्येक बांध हा शेजाऱ्याशी केलेला एक अलिखित करार आहे. सोयाबीनचे पीक आले तेव्हा हा करार ढिला झाला; कारण सोयाबीन पावसाळ्यात उभे असते आणि त्याला साचलेले पाणी चालत नाही. एकाने पाणी कोंडायचे आणि शेजाऱ्याने पीक उभे करायचे, हे जमत नाही. शेतकऱ्याला त्यातून रोख पैसा मिळाला हेही खरे, आणि त्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मुलांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात. शाश्वत विकासाचा प्रश्न चांगला विरुद्ध वाईट असा क्वचितच असतो. बहुधा तो आजची गरज विरुद्ध उद्याची गरज असा असतो, आणि म्हणूनच तो कठीण असतो.

येथवर छायाचित्राचे गुण सांगितले. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हव्यात, नाहीतर शिक्षणाऐवजी भूल पडेल. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगीचे धरण आहे. आकाशातून त्या जलाशयाचे चित्र अतिशय देखणे दिसते : हिरव्या डोंगरांच्या बोटांत निळे पाणी शिरलेले. ते चित्र पाहून कुणाही मुलाच्या तोंडून वाहवा निघेल. पण त्या पाण्याखाली १६२ गावांच्या जमिनी गेल्या, कोठे सर्व, कोठे काही. तेथून उठलेली कितीतरी कुटुंबे मजुरी करण्यासाठी जबलपुरात आली. हे त्या निळ्या रंगात कोठेही लिहिलेले नाही. त्याच धरणाने वीज दिली, पाणी दिले, हेही त्यात लिहिलेले नाही. वरून पाहणाऱ्याला पाणी दिसते, पाण्याची किंमत कुणी दिली ते दिसत नाही.

शहरातल्या तळ्यांचेही तसेच आहे. चित्रात काठावर पत्र्याची छपरे दिसतात आणि पक्क्या इमारतींच्या गच्च्याही दिसतात. पहिली दृष्टी छपरांना अपराधी ठरविते, कारण ती वेडीवाकडी आणि दाटीवाटीची असतात. गच्च्या नीटनेटक्या असल्यामुळे निर्दोष भासतात. वस्तुतः तळ्याचा कोणता भाग कुणी, केव्हा आणि कुणाच्या परवानगीने व्यापला, हे छपराच्या रंगावरून कळत नाही. त्यासाठी जुनी कागदपत्रे पाहावी लागतात आणि माणसांशी बोलावे लागते. उंचावरून पाहण्यात एक अहंकार लपलेला असतो. सेनापती, सर्वेक्षक आणि अधिकारी यांनी आजवर बहुतेक वेळा त्याच उंचीवरून गावे पाहिली, रेघा ओढल्या आणि रेघांखाली माणसे आहेत हे पुष्कळदा विसरले. मुलांच्या हाती तीच दृष्टी देताना तो दोषही त्यांच्या हाती जाऊ नये, ही काळजी शिक्षकाने घ्यायची आहे.

म्हणून चौथा पाठ वर्गाबाहेर, पायी. चित्रावर खूण केलेल्या जागी मुलांनी जायचे आणि वरून जे दिसले ते खाली आहे की नाही ते पडताळायचे. शास्त्रज्ञही हेच करतात. त्यावाचून उपग्रहाच्या चित्रावर कुणी विसंबत नाही. हिरवा रंग पाहून ज्याला कुरण म्हटले ती प्रत्यक्षात पाण्यावर पसरलेली जलपर्णी निघते. ज्याला रिकामे मैदान म्हटले तेथे बुजलेला घाट निघतो आणि घाटाची वरची पायरी अजून मातीतून डोके काढून असते. हनुमानतालाच्या काठी उभे राहिले तर शहराच्या मध्यभागी पाणी, पायऱ्या आणि देवळे एकत्र कशी नांदतात ते दिसते, आणि त्या पाण्याला वास का येतो हाही प्रश्न पडतो. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या चित्राची प्रत घरातल्या वृद्धांपुढे ठेवायची. आजी चष्मा पुसून पाहतील आणि म्हणतील, "अरे, इथं तर आम्ही घागरी घेऊन यायचो." त्या एका वाक्याने चित्राला जी खोली येते, ती कोणत्याही भिंगाला देता येणार नाही.

या कामासाठी शाळेला विमान नको आणि मोठा खर्चही नको. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने 'भुवन' हे संगणकीय संकेतस्थळ २००९ साली सुरू केले. त्यावर भारताची उपग्रहचित्रे पाहता येतात. आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या सहकार्याने शालेय भूगोलासाठी त्याचे एक स्वतंत्र दालनही केले गेले. परिषदेच्या २००६ सालच्या अकरावीच्या प्रात्यक्षिक भूगोलाच्या पुस्तकात हवाई छायाचित्रांवर स्वतंत्र प्रकरण होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारांस एक प्रमाणाचा नकाशा त्याच्या जोडीला ठेवावा, म्हणजे चित्रातले डोंगर आणि नाले यांची नावे व उंची कळतील. एके काळी अशी चित्रे मिळविणे सामान्य माणसाला अशक्यप्राय होते; संरक्षणाच्या कारणास्तव ती कुलपात असत. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहिती यांवरील पुष्कळशी बंधने उठविली. कुलूप निघाले आहे; दार ढकलण्याचे काम शाळांचे.

चालकरहित विमान, ज्याला सारे ड्रोन म्हणतात, ते उडवून स्वतः चित्रे घेण्याचा मोह मुलांना होईल. २०२१ च्या नियमांनी हवेचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केले आहेत. जबलपुरात लष्करी छावणी आहे, तोफांचा, दारूगोळ्याचा आणि वाहनांचा असे संरक्षणाचे कारखाने आहेत आणि डुमना येथे विमानतळ आहे. तेव्हा येथे परवानगीवाचून काहीही उडविणे योग्य नव्हे. हाही नागरिकशास्त्राचाच पाठ आहे. उंची हवीच असेल तर मदनमहालाची टेकडी आहे. गोंडांनी जेथून आपला मुलूख न्याहाळला, तेथून दर वर्षी एकाच जागी उभे राहून, एकाच दिशेला, एकाच महिन्यात एक छायाचित्र घ्यावे आणि तारीख घालून ते शाळेत जपून ठेवावे. पहिल्या वर्षी त्याचे मोल काहीच नसेल. दहाव्या वर्षी ते पुरावा होईल. पन्नासाव्या वर्षी तो इतिहास असेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. शिक्षकांना वेळ कोठे आहे? अभ्यासक्रम मोठा, वर्ग भरलेले, परीक्षा दारात उभी. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरणाचे शिक्षण सर्व शाळांत सक्तीचे करण्याचा आदेश दिला. त्यानुसार पुस्तके निघाली, धडे आले, गुण ठरले. आणि बऱ्याच ठिकाणी तो विषयही इतर विषयांसारखाच पाठांतराचा झाला. तेव्हा आणखी एक विषय वाढविण्यात अर्थ नाही. हवाई छायाचित्राचा लाभ असा की ते नवा विषय मागत नाही. क्षेत्रफळ गणिताच्या तासाला मोजता येते, नाभीय अंतर विज्ञानाच्या तासाला, गोंडांचा काळ इतिहासाच्या तासाला, आणि आजींची आठवण मराठीच्या किंवा हिंदीच्या निबंधात. एकच चित्र चार तासांच्या भिंती ओलांडून जाते. शिक्षकाला ओझे वाटण्याऐवजी आधार वाटावा, एवढी ही गोष्ट साधी आहे.

अखेर या साऱ्याचा उपयोग काय? बुजलेला चेरीताल एखाद्या वर्गाच्या मोजणीने परत भरणार नाही. तेथे आज संसार उभे आहेत आणि ते उठवावेत असे कुणी म्हणणार नाही. पण आधारताल आहे, हनुमानताल आहे, संग्रामसागर आहे. डुमन्याच्या रानात १८८३ साली बांधलेला खंदारीचा जलाशय आहे. जे उरले आहे त्याचा काठ आज कोठे आहे, हे ज्या मुलांनी चौकोन मोजून वहीत लिहून ठेवले, ती उद्या मोठी होतील. त्यांतली काही नगरपालिकेत बसतील, काही अभियंते होतील, काही घर बांधण्यासाठी जागा शोधतील. काठावर मातीचे पहिले चार ढीग पडतील तेव्हा ते क्षुल्लक नाहीत, हे त्यांना कळलेले असेल. ऱ्हास त्याच घडीला थांबविता येतो. तीस वर्षांनी केवळ त्याची नोंद करता येते.

तळे राखील तो पाणी चाखील, असे मराठीत म्हणतात. ती म्हण बहुधा थट्टेने, राखणाऱ्याने थोडे आपल्याही ओंजळीत घेतले तर चालते अशा अर्थाने, वापरली जाते. जबलपूरच्या नावापुरत्या उरलेल्या तळ्यांपाशी तिचा दुसरा, कडक अर्थ ध्यानात येतो : ज्याने राखले नाही, त्याला चाखावयास उरलेच नाही. राणी, मंत्री आणि दासी यांनी ते राखण्याचे काम आपले मानले. त्यांना आकाशातून पाहता आले नव्हते. आजच्या मुलांना ते येते. आणि ज्याला अधिक दिसते, त्याच्यावर राखणीचा भारही अधिक असतो.